शाल-नारळ देण्याआधी पोराचे कागद बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या जिल्हा पानावर इंग्लंडच्या फुटबॉल क्लबात 'निवड' झालेल्या आपल्याकडच्या एका पोराची बातमी होती. फोटोत पोरगा मधोमध, खांद्यावर शाल, हातात नारळ. बाजूला सात-आठ माणसे, त्यातली निम्मी पुढच्या निवडणुकीच्या तयारीतली. पोराचे वय १६ दिले आहे. क्लबाचे नाव दिलेले नाही, 'लंडनमधील नामांकित क्लब' एवढेच. वाचून आनंद व्हायला हवा होता, पण पोटात गोळा आला. दीड वर्षापूर्वी असाच फोटो आमच्या घरचाही छापून आला असता. थोडक्यात वाचलो.

मी फुटबॉलमधला माणूस नव्हे. शाळेत गोलकीपर होतो, तोही दुसरे काही जमत नव्हते म्हणून. आरोंद्याला माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन फॉर्म भरायचे दुकान आहे, त्याला २२ वर्षे झाली. सातबारा, पॅन, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, आखातात जाणाऱ्यांचे कागद, सगळे माझ्या काचेवर पालथे पडते. कोणाच्या नावात 'व्ही' आहे आणि कोणाच्या 'डब्ल्यू', आणि त्यापायी कोणाचे विमान चुकले, हे मला तोंडपाठ आहे.

आमचे गाव तेरेखोलच्या काठावर. पलीकडे गोवा. पूल व्हायच्या आधी किरणपाणीची पोरे होडीने इकडे यायची आणि भात कापून झाले की कुणग्यांत, म्हणजे भातखाचरांत, फुटबॉल रंगायचा. मेरा, म्हणजे बांध, हीच मैदानाची हद्द. बॉल खाडीत गेला तर ज्याने मारला त्याने पोहत जाऊन आणायचा, ओहोटी असेल तर चिखलातून. अजूनही दिवाळीनंतर तसेच चालते, फक्त पोरे आता पुलावरून मोटरसायकलने येतात.

माझी बहीण पलीकडे पालयेला दिलेली आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आणि माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, म्हणजे पुतण्या, दोघे याच कुणग्यात खेळून मोठे झाले. वयात सात वर्षांचे अंतर. भाचा धिप्पाड, मागे उभा राहून आडवणारा. पुतण्या किडकिडीत, पण डाव्या पायाने असा बॉल ओढतो की समोरचा मेरेवर जाऊन बसतो. आता खरा फरक सांगतो. भाच्याचा आजा १९६१ च्या आधी पालयेला जन्मला, म्हणजे पोर्तुगिजांच्या राज्यात. पुतण्याचा आजा, म्हणजे माझे वडील, आरोंद्याला जन्मले, सावंतवाडी संस्थानात. मध्ये नदी, तीही होडीने पाच मिनिटांची.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते, हे पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. भाच्याने घेतले. भारताचा पासपोर्ट परत केला, कारण आपल्या कायद्यात दोन नागरिकत्वे चालत नाहीत. २०१७ मध्ये तो इंग्लंडातल्या स्विंडनला गेला, जिथे आधीच निम्मा गोवा राहतो. तेव्हा ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होते. पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला तिथे नोकरीलाही परवाना नको आणि फुटबॉललाही नको. भाचा दोन क्लबांत चाचणीला गेला. त्यांनी खेळवून बघितले आणि सरळ सांगितले, जमणार नाही. आता गोदामात काम करतो आणि शनिवारी एका छोट्या क्लबाकडून हौसेने खेळतो. त्याचा पाय कमी पडला. कागद कमी पडला नाही.

पुतण्याचे नेमके उलटे. तो १७ वर्षांखालच्या महाराष्ट्राच्या शालेय संघातून खेळला. ते प्रमाणपत्र मीच लॅमिनेट केले, कडा जरा जास्त सोडून, म्हणजे भिंतीवर खिळ्याला लटकवता येईल. गोव्यातल्या एका क्लबाने त्याला युवा संघात घेतले. तिथल्या एका सामन्यानंतर एक गृहस्थ भेटले. मुंबईचे, इंग्रजी फर्डे, गळ्यात कुठल्यातरी स्पर्धेचे ओळखपत्र. त्यांची निळी फाइल घेऊन माझी वहिनी दुकानात आली आणि म्हणाली, "भावजी, ह्येच्या दोन दोन प्रती काढा."

फाइलमध्ये इंग्लंडच्या एका क्लबाचे पत्र होते. पुतण्याला 'हमखास ट्रायल', राहणे-जेवण आणि 'पुढील करारासाठी सहाय्य'. एकूण ३ लाख ८० हजार रुपये, त्यातले दीड लाख आधी. वहिनीने सोनेतारण कर्जाचा फॉर्मही बरोबरच आणला होता.

संपादकसाहेब, मला फुटबॉल कळत नाही, पण छपाई कळते. ते पत्र काचेवर ठेवले आणि मोठे करून काढले. क्लबाच्या बोधचिन्हाच्या कडेला जिन्यासारख्या पायऱ्या दिसल्या. इंटरनेटवरचे छोटे चित्र ओढून मोठे केले की असे होते. शिक्का आणि सही एकाच छापाची. खरा रबरी शिक्का थोडा तरी तिरका बसतो, शाई पाठीमागे उमटते. अंगठा ओला करून सहीवर फिरवला तर निळा रंग अंगठ्याला लागला आणि तसाच शिक्क्यालाही लागला, म्हणजे दोन्ही एकाच घरगुती प्रिंटरातून निघालेले. खाली क्लबाचा पत्ता, आणि ईमेल मात्र जीमेलचा.

तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर वहिनीने ऐकले नसते. पत्र खोटे असेल, पण इंग्लंड तर खरे आहे ना, असे ती म्हणाली असती. आणि ते तिचे बरोबर होते. म्हणून मी रात्री नियम काढून वाचत बसलो. आठ-दहा रात्री गेल्या. पत्र खरे असते तरी काय झाले असते, हे मला त्यातून कळले, आणि तेच आपल्या वाचकांना सांगायला बसलो आहे.

पहिली गोष्ट वयाची. फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेचा, नियमच आहे की १८ वर्षांखालचा खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात जाऊ शकत नाही. थोडे अपवाद आहेत. त्यातला एक असा, की युरोपियन युनियनच्या आत १६ ते १८ वयाच्या पोरांना हलता येते. सेस्क फाब्रेगास २००३ मध्ये १६ व्या वर्षी बार्सिलोनाहून आर्सेनलला गेला तो असाच. २०२० संपताना ब्रिटन पुरते बाहेर पडले आणि हा अपवाद इंग्लंडच्या क्लबांच्या हातून गेला. आज शेजारच्या आयर्लंडचा पोरगासुद्धा १८ पुरी होईपर्यंत इंग्लंडच्या क्लबात जाऊ शकत नाही. आयरिश माणसाला तिथे राहायला-कमवायला व्हिसा लागत नाही, तरीही! हे मी पुतण्याला सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, "आयर्लंडच्या पोरांकय सोडणत नाय? मगे माका कित्याक सोडतले!"

तेव्हा आपल्या बातमीतला तो १६ वर्षांचा पोरगा कुठल्या वाटेने जाणार आहे, हे विचारायला नको होते का?

हा वयाचा नियम मला स्वतःला वाईट वाटत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना परदेशी नेऊन, जमले नाही की रस्त्यावर सोडून देणारे लोक होते म्हणूनच तो आला. आमच्याकडे पोराला बारावीला कोल्हापूरला ठेवतानाही आई आठवडाभर रडते.

दुसरी गोष्ट १८ नंतरची. इंग्लंडात परदेशी खेळाडूला घ्यायचे तर क्लबाला आधी तिथल्या फुटबॉल असोसिएशनकडून शिफारस मिळवावी लागते, मग व्हिसा. २०२१ पासून ही शिफारस गुणांवर आहे. १५ गुण मिळाले तर पास. १० ते १४ असतील तर विशेष समितीपुढे जाता येते. गुण कशाचे? देशाच्या संघातून किती सामने खेळला, क्लबाकडून किती मिनिटे खेळला, त्याची लीग कितव्या दर्जाची, क्लब कितव्या नंबरवर आला, खंडाच्या स्पर्धेत खेळला का. फिफाच्या यादीतल्या पहिल्या पन्नास देशांचा खेळाडू देशासाठी ठराविक टक्के सामने खेळला असेल तर त्याला आपोआप पास. भारताचा आजवरचा सर्वांत वरचा क्रमांक ९४, तोही १९९६ मधला. आणि लीगचे जे सहा गट पाडले आहेत त्यात आपली इंडियन सुपर लीग शेवटच्या, 'इतर सर्व' या गटात.

म्हणजे आपला पोरगा मैदानात उतरायच्या आधीच त्याच्या पाठीवर देशाचे आणि लीगचे ओझे. त्याचा डावा पाय त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही. तिथेच माझी चिडचिड झाली. फॉर्म भरणारा माणूस मी, रकाने मला आवडतात. पण हा तक्ता मला पटला नाही.

आणि हे आपल्यापुरतेच नाही. जपानचा काओरू मितोमा बघा. ब्रायटनने त्याला २०२१ मध्ये घेतले. जपानच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये गाजलेला पोरगा, पण मोठ्या राष्ट्रीय संघातून तोवर खेळलेला नव्हता. परवाना जमेना. मग क्लबाने त्याला वर्षभर बेल्जियमला खेळायला पाठवले. पुढच्या वर्षी तो ब्रायटनकडून प्रीमियर लीगमध्ये उतरला आणि तेव्हापासून इंग्लंडचे बचावपटू त्याच्यामागे धावत आहेत. ज्या क्लबाकडे पैसा आहे, ओळखी आहेत, तो अशी आडवाट काढतो. आमच्या पोराला बेल्जियमला ठेवणार कोण?

आपला सुनील छेत्री तर सगळ्यांना ठाऊक. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला होता. क्लबाला तो हवा होता, त्याला जायचे होते. पण तेव्हाच्या नियमात देश पहिल्या सत्तरात लागायचा, भारत नव्हता, परवाना नाकारला. ज्याने पुढे भारतासाठी नव्वदवर गोल केले त्या माणसाची ही गत. बायचुंग भूतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबाकडून खेळला, हे खरे. पण अशी नावे मोजायला एका हाताची बोटेसुद्धा जास्त होतात.

त्याच्याही मागचे एक नाव मला वाचताना सापडले. कलकत्त्याचा मोहम्मद सलीम. १९३६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबाकडून अनवाणी खेळला, पायाला पट्ट्या बांधून. त्याला परवाना लागला नाही, कारण तेव्हा आपण त्यांच्याच राज्यातले. गुलाम होतो तोवर खेळायला मोकळे, स्वतंत्र झालो तर रांगेत! हे मी दुकानात बोललो तर एक निवृत्त मास्तर म्हणाले, पालयेच्या आज्याचे तरी दुसरे काय आहे? बरोबरच आहे. भाचा आत गेला तो परक्या राज्यात जन्मलेल्या आज्याच्या कागदावर. अर्थात २०२१ नंतर ती वाटही बंद. आता पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन नवा माणूस इंग्लंडला गेला तर त्यालाही व्हिसा आणि तेच १५ गुण. भाचा आधीपासून तिथे राहत होता म्हणून निभावला. नदीच्या दोन्ही काठांना इंग्लंड आता सारखेच लांब.

हे सगळे मी वहिनीला सांगितले. ती म्हणाली, "भावजी, तुमी झेरॉक्स काढा, नियम काढू नकात." रागावली होती. तिच्या मनाने पोरगा गेलाच होता. वाडीतल्या चार घरी सांगूनही झाले होते.

मग त्या मुंबईच्या गृहस्थांना फोन लावला. मी नियमांची भाषा बोलतोय म्हटल्यावर त्यांनी दुसरा पत्ता टाकला. म्हणाले, ट्रायलला व्हिजिटर व्हिसावर जाऊ. हे अगदी खोटे नव्हते. तिकीट लावून जमवलेले प्रेक्षक नसतील तर व्हिजिटर व्हिसावर चाचणी देता येते. पण चाचणीत पास झाला तरी त्या व्हिसावर क्लबाकडून पैसे घेऊन खेळता येत नाही. परत यायचे, आणि परत तेच १५ गुण. पत्रातला 'हमखास' हा शब्द फक्त ट्रायलला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. गृहस्थ हुशार. फसवणुकीची तक्रार केली असती तर म्हणाले असते, ट्रायल तर दिली ना?

मग म्हणाले, विद्यार्थी व्हिसा काढू, शिकत शिकत खेळेल. तेही वाचून काढले. विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करायला बंदी आहे, आणि निम-व्यावसायिक संघातून खेळणाराही तिथे व्यावसायिकच धरतात. व्याख्या पुढे वाचत गेलो तर आणखी गंमत. मागच्या दोन वर्षांत आपल्या राज्याच्या १७ वर्षांखालच्या किंवा त्यावरच्या संघातून खेळलेल्यांनाही त्यांनी त्याच व्याख्येत ओढले आहे. म्हणजे मी कडा सोडून लॅमिनेट केलेले ते प्रमाणपत्र, ज्याच्यापुढे वहिनी गणपतीत उदबत्ती फिरवते, तेच तिथे आडवे आले असते.

शेवटी त्या क्लबाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जो ईमेल होता त्यावर मी माझ्या इंग्रजीत लिहिले. नवव्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले. या नावाच्या माणसाला आम्ही ओळखत नाही, आणि आम्ही ट्रायलसाठी कोणाकडून पैसे घेत नाही. ते उत्तर मी छापून वहिनीला दिले. तिने ते देवघरातल्या फडताळात ठेवले आणि सोनेतारणाचा फॉर्म फाडला. माझ्याशी बोलायला तिला पुढे महिना लागला.

इंग्लंडचे दार अगदीच बंद आहे असेही मला म्हणायचे नाही. २०२३ मध्ये तिथल्या असोसिएशनने थोडी ढील दिली. १५ गुण नसलेले काही खेळाडूही क्लबांना आता घेता येतात, वरच्या दोन लीगच्या क्लबांना जास्तीत जास्त चार, खालच्या दोन लीगमध्ये दोन. पण त्या जागा कमी, आणि वरच्या दोन लीगमध्ये तर इंग्लंडच्या खेळाडूंना किती मिनिटे खेळवले त्यावर त्या वाढतात. त्या चार जागांसाठी ब्राझील, घाना, कोरियाची पोरे रांगेत असताना कोणी क्लब आरोंद्याच्या पोराला 'हमखास' म्हणून पत्र धाडेल, हे मला वहिनीपुढे म्हणवले नाही.

म्हणून आपल्याला विनंती. अशी बातमी आली की छापण्यापूर्वी आपल्या वार्ताहराने एक फोन करावा. क्लब कोणता, कुठल्या लीगमधला? पोरगा १८ चा आहे का? शिफारस मिळाली आहे का, की नुसती ट्रायल आहे? पैसे कोणी कोणाला दिले? क्लबाला खेळाडू हवा असेल तर खर्च क्लब करतो, पोराचा बाप नाही. आणि मध्ये एजंट असेल तर त्याच्याकडे फिफाचा परवाना आहे का, हे फिफाच्याच संकेतस्थळावर यादीत बघता येते. दहा मिनिटांचे काम आहे. आपल्या पानावर फोटो आला की तो एजंट त्याचे कात्रण पुढच्या गावातल्या पुढच्या आईला दाखवतो. आमच्या वहिनीच्या फाइलमध्येही असे एक कात्रण होते, दुसऱ्या जिल्ह्यातले. शाल, नारळ, सगळे तसेच. त्याची प्रत काढताना मशीनची काच पुसायला थांबलो आणि तो फोटो नीट बघितला. पोरगा कॅमेऱ्याकडे बघत नव्हता, हातातल्या नारळाकडे बघत होता.

पुतण्या आता १८ पूर्ण झाला. गोव्याच्या त्याच क्लबात आहे, मोठ्या संघाच्या राखीव यादीत. गेल्या महिन्यात पहिल्यांदा २० मिनिटे उतरला. त्याने त्या वीस मिनिटांचा हिशेब माझ्या दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे, पेन्सिलने. मिनिटे मोजतात हे त्याने माझ्याच तोंडून ऐकले होते.

आपल्या बातमीतल्या त्या पोराच्या आई-वडिलांना आपला वार्ताहर ओळखत असेल. त्यांना माझा निरोप द्यावा. त्यांच्याकडची फाइल घेऊन आरोंद्याला यावे. सगळे नियम मी काढून ठेवले आहेत, बाजूला पेनने मराठीत अर्थही लिहिला आहे. प्रतींचे पैसे घेणार नाही. दुकान सकाळी साडेनऊला उघडते, दुपारी एक ते चार बंद. फक्त दीड लाख भरायच्या आधी यावे.

वहिनी हे पत्र वाचणार आहे, म्हणून माझे नाव छापू नये.

आपला वाचक,
एक झेरॉक्सवाला
आरोंदा, ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग